‘मी’ म्हणणारी रंगभूमि

मासिकांत लिहिणाऱ्या आमच्यासारख्या माणसाला ‘आम्ही’ या सर्वनामाची फार सोय आहे. तें वापरलें कीं एकट्याच्या मताला मंडळाच्या ठरावाची प्रतिष्ठा येते, आणि मत न पटल्यास दोष नेमका कोणाच्या पदरीं घालावा हें वाचकाला सहसा ठरवितां येत नाहीं. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत पाश्चात्य देशांत जी एक नाट्यप्रवृत्ति वाढीस लागली आहे तिच्याकडे आमचें लक्ष वेधलें तें याच कारणानें. कारण तिचा सारा संसार आमच्या उलट सर्वनामावर उभा आहे. एक मनुष्य रंगमंचावर येतो. त्याला वेष नाहीं, पडदा नाहीं, जोडीला दुसरा नट नाहीं; फार तर एक खुर्ची आणि पाण्याचा पेला. “ही गोष्ट माझ्या आयुष्यांत घडली,” असें म्हणून तो तासभर आपल्या आईविषयीं, आजाराविषयीं, मोडलेल्या लग्नाविषयीं किंवा फसलेल्या प्रवासाविषयीं बोलतो. मग लोक टाळ्या वाजवितात आणि आपापल्या वाटेनें निघून जातात.

याला नाटक म्हणावें, व्याख्यान म्हणावें कीं कबुलीजबाब म्हणावा, हा वाद पंडितांनीं खुशाल घालावा. आम्हांस निराळाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. नट हरिश्चंद्र होऊन रडतो तेव्हां तो हरिश्चंद्र नाहीं हें आपण जाणतों, आणि तें जाणूनच आपण रडतों. हा मनुष्य मात्र आपल्यापाशीं विश्वास उधार मागतो. ती उधारी तो कशानें फेडतो, आणि ती फेडून घेण्याचा हक्क कोणाकोणाला आहे?

ही प्रवृत्ति ज्या भूमींत रुजली ती म्हणजे ‘फ्रिंज’ नांवाचे नाट्योत्सव. दुसरें महायुद्ध संपल्यावर १९४७ सालीं स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथें एक आंतरराष्ट्रीय कलामहोत्सव सुरू झाला. नामांकित वादकांस व नटांस रीतसर बोलावणीं गेलीं. बोलावणें न आलेल्या आठ नाटकमंडळ्याहि, सहा स्कॉटलंडच्या व दोन इंग्लंडच्या, आपल्या खर्चानें येऊन दाखल झाल्या आणि मिळेल त्या जागीं खेळ करूं लागल्या. पुढच्याच वर्षीं रॉबर्ट केम्प या नाटककारानें वृत्तपत्रांत लिहितांना उत्सवाच्या कडेला चाललेल्या अशा खेळांसंबंधीं ‘फ्रिंज’ हा शब्द वापरला, व तोच रूढ झाला. कापडाच्या टोकाशीं विणीबाहेर सुटे राहिलेले जे दोरे असतात त्यांना आपल्याकडे दशा म्हणतात. ‘फ्रिंज’चा अर्थहि जवळजवळ तोच. त्या उत्सवांत गरीब कलावंतांचे जे हाल होतात ते पाहतां मराठी शब्दच दोन्ही अर्थांनीं अधिक समर्पक आहे असें म्हणावें लागतें.

१९५८ सालीं या उत्सवाची व्यवस्था पाहणारी एक संस्था निघाली. परंतु कोणीं यावें आणि काय दाखवावें हें आपण ठरवावयाचें नाहीं, असें तत्त्व तिनें आरंभापासून पाळलें आहे. ज्याला जागा मिळाली व खर्च झेपला, तो आला. आज तेथें ऑगस्ट महिन्यांत तीन हजारांहून अधिक निरनिराळे खेळ होतात. कॅनडांत एडमंटन येथें १९८२ सालीं असाच उत्सव सुरू झाला व त्याच्या वळणावर त्या देशांत इतरत्र उत्सव निघाले. तेथें खेळांची निवड परीक्षक करीत नाहींत. ती बहुधा चिठ्ठ्या टाकून होते, आणि तिकिटाचें मूळ उत्पन्न सगळेंच्या सगळें कलावंताच्या हातीं पडतें. जून महिन्यांत माँट्रियलहून निघालेला कथेकरी विनिपेग, एडमंटन अशीं गांवें करीत सप्टेंबरांत पश्चिम समुद्राकांठीं व्हँकूव्हरला पोंचतो. आपल्याकडे जत्रांच्या तिथि पाहून तमाशाचे फड जसे गांवोगांव जातात तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच कीं या फडांत माणूस एकच.

एकच कां, याचें कारण शोधण्यास फार खोल जावयास नको. उत्सवाच्या महिन्यांत एडिंबरोंत राहण्याच्या जागांचें भाडें आभाळाला भिडतें. दहा नटांना न्यावयाचें म्हणजे दहा बिछाने आणि दहा पोटें. एकट्याला एक पेटी पुरते. शिवाय एकाच खोलींत सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत एकामागून एक खेळ होत असतात. एकाची मंडळी बाहेर पडते न पडते तोंच दुसऱ्याची दाराशीं उभी असते. देखावे उभारावे केव्हां आणि मोडावे केव्हां? तेव्हां गरिबी आणि घाई या दोन सुइणींनीं या कलेचें बाळंतपण केलें यांत शंका नाहीं. पण त्यांनीं नट एकटा केला, एवढेंच. एकटा नट रामायणहि सांगूं शकतो. तो स्वतःचीच गोष्ट सांगूं लागला, याचें श्रेय किंवा दोष दुसऱ्या कोणाकडे तरी जातो.

स्वतःचे अनुभव सभेपुढें सांगून द्रव्य मिळविणारा मनुष्य आमच्या मुंबईनेंहि पूर्वीं पाहिला आहे. मार्क ट्वेन या नांवानें प्रसिद्ध असलेले अमेरिकन विनोदकार १८९६ च्या जानेवारींत मुंबईस आले व येथें त्यांचीं भाषणें झालीं. १८९४ सालीं त्यांची प्रकाशनसंस्था बुडाली होती, आणि धनकोंची पैन् पै फेडावी या निश्चयानें वयाच्या साठाव्या वर्षीं ते पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले होते. १८९८ पर्यंत त्यांनीं तें कर्ज फेडलेंहि. ट्वेन आपल्या बालपणच्या आठवणींत थापांचें मिश्रण सढळ हातानें करीत. पण त्यांतलें खरें किती व खोटें किती हें कोणी विचारीत नसे. थाप ऐकावयास मिळणार याच अपेक्षेनें श्रोते येत, आणि थाप ऐकून तृप्त होऊन जात. विश्वासाची देवघेव त्या सभेंत नव्हतीच.

ती सुरू झाली स्पॉल्डिंग ग्रे या अमेरिकन नटापासून. ग्रे न्यूयॉर्कच्या एका प्रायोगिक नाट्यसंघांत काम करीत. १९७९ सालीं ते एका टेबलामागें बसले आणि नाटकाऐवजीं आपल्या बालपणाची हकीकत सांगूं लागले. पुढें ‘द किलिंग फील्ड्स’ या बोलपटांत त्यांनीं एक लहानशी भूमिका केली. चित्रीकरण थायलंडमध्यें आणि कथा शेजारच्या कंबोडियांतील नरसंहाराची. त्या अनुभवावरून ‘स्विमिंग टु कंबोडिया’ हें त्यांचें सुप्रसिद्ध स्वगत तयार झालें, व १९८७ सालीं जोनाथन डेमी यांनीं त्याचाहि बोलपट केला. पाण्याचा पेला, वही, नकाशा, आणि बोलणारा मनुष्य. याखेरीज त्यांत जवळजवळ कांहींच नाहीं. ग्रे आधीं लिहून मग पाठ करीत नसत. ते टिपणांवरून बोलत, बोललेलें ध्वनिमुद्रित करून ऐकत, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हा बोलत. म्हणजे ग्रंथ श्रोत्यांच्या देखत सिद्ध होई. १९९७ सालीं जॉर्ज डॉज ग्रीन या लेखकानें न्यूयॉर्कांत ‘द मॉथ’ नांवाची मंडळी काढली, तिनें तर नियमच करून टाकला: गोष्ट खरी पाहिजे, स्वतःची पाहिजे, आणि हातांत कागद न घेतां सांगितली पाहिजे.

येथवर वाचल्यावर आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या ओठांवर ‘झांकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आली असेल. ती येणें स्वाभाविक आहे. आपल्याकडे कीर्तनकार एकटाच उभा राहतो, हंसवितो, रडवितो. पण आख्यान लावतो तें चोखोबाचें किंवा ध्रुवाचें. बुवांच्या घरीं काल काय झालें हें कोणी विचारीत नाहीं आणि बुवा सांगत नाहींत. मात्र आपणांस आत्मकथनाचें वावडें आहे असें म्हणणें खरें होणार नाहीं. सतराव्या शतकांत बहिणाबाईंनीं आपल्या घरांतील जाच अभंगांत सांगितला. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० सालीं निघाल्या. लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं, आणि घराघरांत तीं वाचलीं गेलीं. परंतु छापील पान आणि जिवंत माणूस यांत अंतर आहे. पुस्तक आपण मिटून ठेवूं शकतों. समोर पांच हातांवर उभें राहून कोणी आपलें दुःख सांगूं लागलें म्हणजे मान वळविण्याचीहि चोरी होते.

हें आम्हीं अनुभवलें तें दोन वर्षांपूर्वीं, कन्येच्या घरीं एडिंबरोस राहण्याचा योग आला तेव्हां. शहराच्या मुख्य उतारावर सकाळपासून शेंकडों कलावंत भर पावसांत आपापल्या खेळाचे कागद वाटीत उभे असतात. तासाभरांत आमच्या कोटाचे खिसे फुगले. कोठें चर्चचें दालन, कोठें गुत्त्यावरची खोली. समरहॉल नांवाची जी जागा आहे तेथें पूर्वीं पशुवैद्यकाचें विद्यालय होतें. तेथील शारीरशास्त्राच्या उतरत्या बांकांवर बसून आम्हीं एका तरुणाची त्याच्या स्वतःच्या आजाराची कथा ऐकली. वर्गांत टेबलावर काय ठेवीत असतील याचा विचार मनांतून जाईना, आणि ती जागा त्यानें मुद्दाम निवडली असावी असेंहि वाटलें. बाहेर आल्यावर आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें, “याला घरीं ऐकून घेणारें कोणी नाहीं का हो?” प्रश्न थट्टेचा नव्हता. घरीं ऐकून घेणारें कोणी नसणें हें या कलेच्या वाढीचें तिसरें कारण असूं शकेल, आणि तें पहिल्या दोहोंपेक्षां मोठें असेल.

आतां उधारीकडे वळूं. ती बुडविली म्हणजे काय होतें याचें उदाहरण अमेरिकेंतच घडलें. माइक डेझी हे ग्रे यांच्याच परंपरेंतले, टेबलामागें बसून बोलणारे कलावंत. चीनमधील शेन्झेन येथें जाऊन अ‍ॅपल कंपनीचीं यंत्रें बनविणाऱ्या मजुरांची दुर्दशा आपण डोळ्यांनीं कशी पाहिली, हें ते रंगभूमीवरून सांगत. १९१२ नव्हे, २०१२ सालची ही गोष्ट. बातमी पृथ्वीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला क्षणांत पडताळतां येते असा काळ. त्या वर्षाच्या जानेवारींत त्यांच्या कथेचा कांहीं भाग एका प्रतिष्ठित रेडिओ-कार्यक्रमांत प्रसृत झाला. चीनमधील एका वार्ताहरानें डेझी यांची दुभाषी बाई शोधून काढली, आणि तिच्या सांगण्याशीं डेझी यांचें सांगणें जुळेना. विषारी द्रव्यानें हात थरथरणारे जे मजूर आपणांस भेटले असें ते म्हणत, ते त्यांना भेटलेच नव्हते. मार्च महिन्यांत त्या कार्यक्रमानें ती कथा जाहीरपणें मागें घेतली. आपण रंगभूमीचीं साधनें वापरलीं, वृत्तपत्राचीं नव्हेत, असा बचाव डेझी यांनीं केला.

हा बचाव आम्हांस पटत नाहीं. विषबाधा झालेले मजूर काल्पनिक नव्हते. ते दुसऱ्या गांवीं खरोखरच होते. डेझी यांनीं ‘मीं वाचलें’ किंवा ‘मीं ऐकलें’ असें म्हटलें असतें तर मजुरांच्या दुःखाला बाध आला नसता. ‘मीं पाहिलें’ या दोन शब्दांनीं परिणाम वाढला, आणि ते दोन शब्द कोसळतांच खऱ्या मजुरांचें खरें दुःखहि लोकांच्या संशयांत सांपडलें. नुकसान श्रोत्यांचें झालेंच, पण अधिक झालें तें ज्यांच्यासाठीं कथा सांगितली त्यांचें.

पण खोटें न सांगणें एवढ्यानें उधारी फिटते काय? प्रश्न इतका सोपा नाहीं. तीच गोष्ट महिन्यांत पंचवीस वेळां सांगणाऱ्याचा आवाज पंचविसाव्या रात्रींहि त्याच शब्दावर कांपतो. आम्ही तीस वर्षें वर्गांत शेक्सपिअर शिकवितों. आमचा उत्स्फूर्त विनोद त्याच अंकांतील त्याच ओळीशीं दरवर्षीं उत्स्फूर्तपणें येतो, हें आमचे विद्यार्थी जाणतात. त्यांत लबाडी नाहीं. सांगून सांगून आठवणीला एक घाट येतो, आणि मग घाटच आठवण होऊन बसतो. टास्मानियाच्या हॅना गॅड्सबी यांच्या ‘नॅनेट’ या प्रयोगाचें मर्म हेंच आहे. २०१७ सालीं एडिंबरोस त्याला विनोदाचें मुख्य पारितोषिक विभागून मिळालें. रात्रीं बसच्या थांब्यावर एका पुरुषानें आपणांस पुरुष समजून दम भरला आणि स्त्री आहे असें दिसतांच ओशाळून माघार घेतली, हा प्रसंग गॅड्सबी आधीं विनोदानें सांगतात. लोक पोट धरून हंसतात. तासाच्या शेवटाकडे त्या प्रसंगाचा उरलेला भाग येतो: तो पुरुष परत आला होता, आणि त्यानें मारहाण केली होती. हंसूं यावें म्हणून गोष्ट अर्ध्यावर तोडावी लागत असे. पहिलें सांगणें खोटें नव्हतें, अपुरें होतें. आत्मकथनांत खोटेपणापेक्षां हा अपुरेपणा ओळखणें कठीण, कारण सांगणाऱ्यालाच त्याची संवय होऊन जाते.

याहून नाजूक बाब आहे ती तिसऱ्या माणसाची. ‘मी’ची गोष्ट एकट्या ‘मी’ची कधींच नसते. तींत आई असते, नवरा असतो, शेजारी असतो, आणि त्यांच्यापैकीं कोणालाहि रंगमंचावर खुर्ची मिळालेली नसते. रिचर्ड गॅड यांनीं २०१९ सालीं एडिंबरोच्या फ्रिंजमध्यें ‘बेबी रेनडिअर’ हा एकपात्री प्रयोग केला. एका स्त्रीनें आपला पिच्छा कसा पुरविला याची ती हकीकत. लहान सभागृहांत ती ऐकणाऱ्यांनीं ऐकली आणि प्रश्न तेथेंच राहिला. २०२४ सालीं नेटफ्लिक्सनें तिची मालिका दाखविली, तेव्हां जगभरचे प्रेक्षक ती स्त्री खरी कोण हें हुडकूं लागले. असे तर्क करूं नका, असें गॅड यांनींच लोकांना विनविलें. पण तोंवर एक बाई ‘ती मीच’ म्हणून पुढें आली आणि तिनें त्या कंपनीवर अमेरिकेंत दावा लावला. गॅड यांनीं सोसलें तें थोडें नाहीं, आणि तें सांगण्याचा त्यांचा हक्कहि कोणी नाकारूं नये. आमचें म्हणणें इतकेंच कीं पन्नास माणसांच्या खोलींत घेतलेली उधारी आणि कोट्यवधि माणसांकडून घेतलेली उधारी यांचें व्याज सारखें नसतें.

एडिंबरोच्या जुन्या पुलाखालीं दगडी कमानींचीं तळघरें आहेत. त्यांतल्या एकींत आम्हीं एका बाईंचा खेळ पाहिला. बाई पंचेचाळिशीच्या, उत्तर इंग्लंडच्या. श्रोते आम्हां दोघांसुद्धां अकरा. प्रवेशाला मूल्य नव्हतें. शेवटीं दाराशीं बादली धरून बाई उभ्या राहणार होत्या. १९९६ पासून तेथें अशी विनामूल्य खेळांची प्रथा आहे. कीर्तनाच्या शेवटीं आरतीचें तबक फिरतें तशी ती आम्हांस वाटली. बाईंचे वडील शर्यतींच्या नादीं लागले होते. घरांतलें एकेक सामान जाऊं लागलें आणि आईनें तें शेजाऱ्यांपासून वीस वर्षें लपविलें. विकलेल्या घड्याळाविषयीं ‘दुरुस्तीला दिलें आहे’, गेलेल्या खुर्च्यांविषयीं ‘रंग द्यावयाचा आहे’, अशीं तिचीं उत्तरें ऐकून आम्ही फार हंसलों. झांकलेली मूठ कशी असते तें आमच्या सौभाग्यवतींना भाषांतर करून सांगावें लागलें नाहीं. मध्यें एका ठिकाणीं, आई रात्रीं एकटी बसली असतां मुलगी खालीं येते तेथें, बाई थांबल्या, पाणी प्याल्या, आणि एकदम सकाळची हकीकत सांगूं लागल्या.

बादलीशीं सौभाग्यवतींनीं आम्हांस विचारावयास लावलें, “आई आहेत का? त्यांना हें ठाऊक आहे का?” बाई म्हणाल्या, “पहिल्या दिवशीं ती तिसऱ्या रांगेंत बसली होती. एक वाक्य काढून टाक म्हणाली. मीं काढलें. त्या जागीं मी पाणी पितें.” मग हंसून पुढें म्हणाल्या, “आणि शिवणाचें यंत्र विकलें असें मी सांगत असें. विकलें नव्हतें, गहाण होतें, सोडविलेंहि, हें तिनेंच दुरुस्त केलें. तें मात्र तिनें जोरांत सांगितलें.”

त्या पाण्याच्या घोटानें खेळाची हानि झाली कीं काय, असें कलेच्या दृष्टीनें कोणी विचारील. झाली असेल. त्या ठिकाणीं कथेंत खळगा पडतो हें आम्हांस ऐकतांनाच जाणवलें होतें. परंतु तो खळगा भरावयास आणखी कांहीं रचून सांगावें असें त्या बाईंना वाटलें नाहीं, हें विशेष. एक वाक्य आईचें होतें, तें आईला परत दिलें. उरलेली गोष्ट मुलीची होती, ती मुलीनें सांगितली. आईनेंहि सगळी मूठ पुन्हा झांक असें म्हटलें नाहीं. यंत्र सोडविल्याचा मान तिला हवा होता, आणि तो झांकल्या मुठींत मिळण्यासारखा नव्हता. खरें, पुरें आणि दुसऱ्याचें न घेतलेलें, अशा तीन कसोट्या या कलेला लावाव्या असें आम्हांस वाटतें, आणि त्यांत दुसरी व तिसरी एकमेकींशीं भांडतात हेंहि दिसतें. पुरें सांगावें तर दुसऱ्याचें जातें. दुसऱ्याचें राखावें तर अपुरें राहतें. हें भांडण नियम करून मिटणारें नाहीं. तें प्रत्येक कथेकऱ्यानें आपल्या घरीं, ज्याचें त्याच्याशीं बसून मिटवावें लागतें, आणि जेथें घर उरलेलें नाहीं किंवा घरानेंच घाव घातला आहे तेथें तर तेंहि शक्य नसतें.

आमच्या तरुण मंडळींनींहि आतां माइकपुढें उभें राहून स्वतःच्या गोष्टी सांगण्यास आरंभ केला आहे. वडील माणसांनीं नाकें मुरडूं नयेत, अशी आमची सूचना आहे; शक्य झाल्यास तिसऱ्या रांगेंत जाऊन बसावें. “हें खरें का?” असें कथेकऱ्याला अवश्य विचारावें. हा प्रश्न राजा झालेल्या नटाला कोणी विचारीत नाहीं, आणि मासिकांत ‘आम्ही’ लिहिणाऱ्यालाहि क्वचित् विचारतात. ‘मी’ म्हणणाऱ्याला तो विचारतात, कारण त्याचे शब्द कोणीं तरी मनापासून घेतलेले असतात. ज्याला हा प्रश्न नको असेल त्यानें आमच्याप्रमाणें निबंध लिहावे. त्यांत भाडें नाहीं, पाऊस नाहीं, आणि दाराशीं बादली धरून उभें राहावें लागत नाहीं.